मला कळेल अशा भाषेत

सिल्क बोर्डचा चौक मागे पडला की होसूर रस्ता दोन मजली होतो. वरचा मजला म्हणजे २०१० सालच्या जानेवारीत खुला झालेला उन्नत मार्ग. टोल भरला की सुमारे दहा किलोमीटरवर तो थेट इलेक्ट्रॉनिक सिटीत उतरवतो. खालच्या रस्त्याने गेलं, तर इलेक्ट्रॉनिक सिटी यायच्या थोडं आधी परप्पन अग्रहाराकडे वळणारा फाटा लागतो. बेंगळुरूचं मध्यवर्ती कारागृह तिथे आहे. पुणे, सोलापूर, कोल्हापूर, नांदेडहून इथल्या कंपन्यांत नोकरीला आलेली मराठी मुलं-मुली रोज या बाजूने ये-जा करतात. कुणी कंपनीच्या बसने, कुणी दुचाकीने आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळी मार्गिका सुरू झाल्यापासून कुणी मेट्रोने. त्या फाट्याकडे लक्ष जायचं त्यांना काही कारण नसतं. तुरुंग, पोलीस ठाणं, कोर्ट ही दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यातली ठिकाणं, असं आपण सगळेच धरून चालतो.

इलेक्ट्रॉनिक सिटी, हेब्बगोडी, बोम्मसंद्र या पट्ट्यात फौजदारी आणि वाहतुकीची प्रकरणं हाताळणाऱ्या वकिलांना मात्र हा समज रोज मोडताना दिसतो. त्यांचं कार्यालय एखाद्या दुकानाच्या माडीवर किंवा झेरॉक्स सेंटरच्या शेजारी असतं. दोन-तीन वकील मिळून ते चालवतात आणि पाटीवर नाव आणि 'ॲडव्होकेट' एवढंच असतं. याला कारण आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. पाटीचा आकार माफक हवा आणि अमुक प्रकारच्या कामात आपण निष्णात आहोत असं पाटीवर लिहायलाही मनाई आहे. म्हणून फौजदारी वकिलाची पाटी रस्त्यात दिसत नाही. ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून, सोसायटीच्या ग्रुपवरून, गावाकडच्या काकांच्या ओळखीतून कुणाचं तरी नाव कळतं. ते कळेपर्यंत पहिले काही तास निघून जातात आणि बरंचसं नुकसान त्याच तासांत होऊन गेलेलं असतं.

या कार्यालयांत नेमकं काय काम चालतं, ते समजून घ्यायचं तर आधी दंड कुठे संपतो आणि गुन्हा कुठे सुरू होतो ते पाहावं लागेल. आपल्या बोलण्यात दोन्हीला एकच शब्द असतो : 'केस झाली'. कायद्यात मात्र दोहोंमध्ये मोठं अंतर आहे.

सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हतं, कॅमेऱ्याने टिपलं, मोबाइलवर चलन आलं. हा दंड. मोटार वाहन कायद्याचं कलम २०० असं सांगतं, की ठरावीक किरकोळ गुन्हे रक्कम भरून मिटवता येतात. रक्कम भरली की त्या गुन्ह्याबद्दल पुढे खटला चालत नाही आणि दोषसिद्धीची नोंदही होत नाही. १ सप्टेंबर २०१९ ला सुधारित कायदा लागू झाला तेव्हा दंडाच्या रकमा एकदम वाढल्या. हेल्मेट नसेल तर केंद्राच्या कायद्यात हजार रुपये, पण कर्नाटकाने त्याच महिन्यात काही रकमा खाली आणल्या आणि हेल्मेटचा दंड पाचशेवर आला. थकलेल्या चलनांचा डोंगर एवढा वाढला होता, की फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्य सरकारने निम्मी सूट दिली. थोड्याच दिवसांत शंभर कोटी रुपयांहून जास्त वसुली झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा तशीच सूट जाहीर झाली. चलन चुकीचं असेल, म्हणजे नंबरप्लेटचा आकडा कॅमेऱ्याने भलताच वाचला असेल, तर फोटो मागवून हरकत घेता येते. त्यासाठी वकील लागतोच असं नाही आणि चांगला वकील तसं सांगूनही टाकतो. चलनाच्या नावाने वॉट्सॲपवर येणारी फाइल मात्र उघडू नये. सरकार चलनासाठी ॲप पाठवत नाही, ती खातं रिकामं करणारी चोरी असते.

महाराष्ट्रातून गाडी घेऊन आलेल्यांचा एक वेगळा प्रश्न असतो. एमएच पासिंगची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या आरटीओचा नंबर केए-५१. त्यासाठी मूळ आरटीओचा ना हरकत दाखला लागतो, कर्नाटकाचा रस्ता कर भरावा लागतो आणि आधी भरलेल्या कराचा परतावा महाराष्ट्रातून मिळवावा लागतो. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेली बीएच मालिका अशाच बदलीवाल्यांसाठी काढलेली, पण ती सगळ्यांनाच मिळते असं नाही. हे सगळं कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच टाळलं जातं. पुढे एखाद्या संध्याकाळी नाकाबंदीत सगळे थकलेले कागद एकदम अंगावर येतात.

दारू पिऊन गाडी चालवणं कलम २०० मध्ये बसत नाही. तिथे जागेवर पैसे भरून सुटका नाही, न्यायालयात जावंच लागतं. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर मद्य सापडलं, की कलम १८५ लागतं : पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजारांचा दंड किंवा दोन्ही. वाहन परवानाही निलंबित होऊ शकतो. वकील इथे काय पाहतो? यंत्राची छापील पट्टी आहे का, तिच्यावर वेळ आणि नाव बरोबर आहे का, यंत्राची तपासणी वेळच्या वेळी झालेली आहे का. अटक झाली असेल, तर कायदा सांगतो की दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्या माणसाला सोडावं लागतं. लोकांना ही पळवाट वाटते. मला वाटत नाही. एखाद्याच्या रक्तातलं प्रमाण हाच जर पुरावा असेल, तर ते प्रमाण वेळेत आणि नीट मोजणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. ती त्यांनी पाळली का, हे विचारायला कुणीतरी उभं राहिलंच पाहिजे.

आता अपघात. समजा, रात्री साडेनऊची शिफ्ट संपवून एक मुलगा दुचाकीवर निघाला आहे. कोणप्पन अग्रहाराजवळ पाऊस पडतोय, रस्त्याच्या कडेने एक बाई चाललेल्या आहेत आणि हँडलचा धक्का लागून त्या पडतात. पाय मोडतो. या क्षणापर्यंत त्या मुलाच्या आयुष्यात चलनापलीकडे काही नव्हतं. आता भारतीय न्याय संहितेची दोन कलमं लागतात. हयगयीने वाहन चालवल्याबद्दल कलम २८१, म्हणजे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. गंभीर दुखापतीबद्दल कलम १२५, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद. त्या बाई दगावल्या, तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. जुन्या भारतीय दंड संहितेत, म्हणजे ३०४-अ मध्ये, हीच शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. धडक देऊन पोलिसांना न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं एक पोटकलमही नव्या संहितेत होतं. जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे ट्रकचालक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं.

अपघात झाला त्या क्षणी काय करायचं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, जवळ पोलीस नसेल तर शक्य तितक्या लवकर आणि काही झालं तरी चोवीस तासांच्या आत ठाण्यात कळवायचं, विमा कंपनीला कळवायचं. जमाव चवताळून अंगावर आला तर जागा सोडायची मुभा कायदा देतो, कळवण्यातून मात्र सुटका देत नाही. घाबरून पळालेला मुलगा दुसऱ्या दिवशी वकिलाकडे येतो, तेव्हा वकील त्याला पहिल्यांदा ठाण्यातच घेऊन जातो. चित्रपटांतून आपल्या डोक्यात बसलेला लपवाछपवी करणारा वकील या कामाला उपयोगी पडत नाही.

न्याय संहितेची वर सांगितलेली तिन्ही कलमं जामीनपात्र आहेत. म्हणजे जामीन हा हक्क आहे, तो ठाण्यातही मिळू शकतो. शिवाय सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावलं आहे. ती नोटीस आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली येते. नोटीस आली की तिच्यातल्या दिवशी हजर राहायचं, पोच ठेवायची, ठाण्यात काय विचारलं ते घरी येऊन लिहून काढायचं. साधी कामं आहेत, पण घाबरलेल्या माणसाकडून तीच राहून जातात.

खरा घोळ होतो तो काही महिन्यांनी, दोषारोपपत्र दाखल होऊन समन्स आल्यावर. मुलगा सुट्टी टाकून कोर्टात जातो. कुणीतरी सुचवतं, 'कबूल करून टाका, हजार-दोन हजार दंड होईल, आजच मिटेल.' त्याला तर मनातून वाईट वाटतंच आहे, त्या बाईंना भेटायला तो दवाखान्यातही जाऊन आलेला आहे. तो मान डोलावतो. दंड भरतो आणि सुटलो असं समजून कंपनीत परत येतो. प्रत्यक्षात त्याने चलन भरलेलं नसतं. फौजदारी खटल्यात गुन्ह्याची कबुली देऊन तो दोषी ठरलेला असतो. पुढे परदेशी पाठवायची वेळ आली की अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज विचारतो : कधी अटक झाली होती का, कधी दोषी ठरला होता का? उत्तर 'नाही' लिहिलं तर खोटं, 'हो' लिहिलं तर खुलासे.

खटला लढवायचा ठरवलं तरी पासपोर्टाचा प्रश्न आहेच. फौजदारी प्रकरण प्रलंबित असताना पासपोर्ट नाकारता येतो, असं पासपोर्ट कायद्याचं कलम ६ म्हणतं. २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेने त्यातून वाट काढली : ज्या न्यायालयात खटला चालू आहे त्याने परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो आणि परवानगीत मुदत लिहिलेली नसेल तर एका वर्षाचा. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या वकिलांकडे हा अर्ज महत्त्वाचा ठरतो, कारण त्यांच्या अशिलाची नोकरी त्याच्यावर टांगलेली असते. कधी कधी दोन्ही बाजूंचं समाधान झालेलं असतं. जखमी व्यक्तीला भरपाई मिळालेली असते, तिची तक्रार उरलेली नसते. दुखापतीच्या कलमात अशी तडजोड होऊ शकते, २८१ मध्ये नाही. ते कलम सार्वजनिक सुरक्षेचं आहे, एका व्यक्तीने माफ करून ते मिटत नाही. मग अशा प्रकरणात उच्च न्यायालयात जाऊन खटला रद्द करून मागावा लागतो. त्या कामात महिने जातात.

'चूक झाली' आणि 'गुन्हा कबूल आहे' या दोन वाक्यांत आपण घरी-दारी फरक करत नाही. आपल्यावरचे संस्कारच तसे आहेत, चुकलं तर चुकलं म्हणावं. फौजदारी न्यायालयात मात्र त्या दोन वाक्यांमधलं अंतर फार मोठं आहे आणि ते अंतर अशिलाला त्याच्या भाषेत समजावून सांगणं हे मला या वकिलांचं सगळ्यात मोलाचं काम वाटतं. कायद्याची कलमं शोधून कुणालाही सापडतात. ती आपल्या बाबतीत काय करतात, हे कळायला समोर बसलेलं माणूस लागतं.

भाषेचा मुद्दा इथे मुद्दाम लांबवतो आहे, कारण मराठी माणसाला कर्नाटकात तो पदोपदी लागतो. इथल्या ठाण्यांत एफआयआर साधारणपणे कन्नडमध्ये लिहिला जातो, कनिष्ठ न्यायालयांची भाषा कन्नड. ते योग्यच आहे, महाराष्ट्रात मराठी असते तसंच. पण आरोपीला काय? संविधानाचं कलम २२ म्हणतं, अटक झालेल्याला अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर सांगितली पाहिजेत. सांगितली म्हणजे काय, तोंडी की लेखी, कोणत्या भाषेत, यावर अनेक वर्षं खल चालला. ६ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल लावला. तो खटला मुंबईतून गेलेला, जुलै २०२४ मध्ये वरळीत झालेल्या एका धडक देऊन पळाल्याच्या प्रकरणातला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने सांगितलं, की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची आणि ती त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. तातडीच्या प्रसंगी आधी तोंडी सांगितली तरी कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाहीतर अटक बेकायदा. एका वाहन अपघाताच्या खटल्यातून देशातल्या प्रत्येक परप्रांतीयाला हा आधार मिळाला आहे आणि बेंगळुरूतल्या मराठी माणसाला तो माहीत असायलाच हवा.

बेंगळुरूच्याच संदर्भात एक जुनी गोष्ट आठवते. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली तेव्हा संसदीय समितीच्या कामासाठी या शहरात आलेले मधु दंडवते, अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणी यांना इथेच अटक झाली आणि शहरातल्या तेव्हाच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवण्यात आलं. आज त्या जागी फ्रीडम पार्क आहे. काही दिवसांतच स्थानबद्धतेच्या 'मिसा' कायद्यात बदल झाला आणि स्थानबद्धतेची कारणं सांगायची गरजच उरली नाही. ते कर्नाटक उच्च न्यायालयात गेले होते. पण एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत असा दाद मागायचा हक्कच नाही म्हणून सांगितलं. कारण न सांगता डांबता येतं, तेव्हा काय होतं, ते त्या पिढीने अनुभवलेलं आहे.

त्याच्याही आधी, १९०८ साली मुंबईत लोकमान्य टिळकांवर 'केसरी'तल्या लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला चालला. लेख मराठी, ज्यूरीतले नऊजण म्हणजे सात युरोपियन आणि दोन पारशी. त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतरं ठेवली गेली. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि त्यातला मोठा भाग त्या भाषांतरांवर खर्च केला : हा शब्द मराठीत असा नाही, याचा अर्थ तो नव्हे. ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. १८९७ च्या खटल्यात हेच दावर टिळकांचे वकील होते. मंडालेच्या शिक्षेची गोष्ट आपण शाळेत वाचतो, पण एका मराठी शब्दाचा अर्थ मराठी न येणाऱ्यांना पटवण्यासाठी झालेली ती लढाई आपल्या लक्षात राहत नाही.

आज ठाण्यात बसलेल्या मुलासमोर येणारे शब्द वेगळे असतात. पंचनाम्याला इथे 'महजर' म्हणतात. महजरवर पंचांच्या सह्या असतात. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर मात्र जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्येच लिहिलेलं आहे आणि पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. नोटीस मिळाल्याची सही करायला हरकत नाही, कोऱ्या कागदावर सही कधीच करायची नाही, आणि जे वाचता येत नाही त्यावर सही करण्याआधी ते कुणाकडून तरी समजून घ्यायचं. खटला चालू असताना साक्षीपुरावा आरोपीला न समजणाऱ्या भाषेत दिला जात असेल, तर तो त्याला समजेल अशा भाषेत सांगावा, अशीही तरतूद आहे. ती मागावी लागते, मागितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही भाषा येणारा वकील असेल तर काम सोपं होतं. बेळगाव-निपाणीकडून आलेले कितीतरी जण कन्नड आणि मराठी दोन्ही सहज बोलतात, त्यांचा आधार अशा वेळी फार मोठा असतो.

जामिनाच्या बाबतीत परक्या गावचा माणूस पुन्हा अडतो. जामीन मंजूर होतो, पण हमीदार हवा आणि तो कर्नाटकातला हवा असा आग्रह धरला जातो. हमीदाराने पत दाखवायची म्हणजे जमिनीचा उतारा आणायचा. आपल्याकडचा सातबारा तसा इथे 'पहाणी' किंवा आरटीसी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या चोवीस वर्षांच्या मुलाच्या ओळखीत पहाणी असलेला कोण असणार? १९७८ साली मोती राम नावाच्या एका गवंड्याच्या प्रकरणात मध्य प्रदेशातल्या दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची हमी केवळ त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते रद्द केलं. एका भागातल्या माणसाला दुसऱ्या भागात अटक झाली तर त्याने तिथला हमीदार आणायचा कुठून, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी रक्कम हजारावर आणली. वकील हा निवाडा पुढे करतो, हमीदाराऐवजी रोख रक्कम ठेवण्याची परवानगी मागतो, कंपनीचं ओळखपत्र आणि भाडेकरार जोडतो. हातात पैसे नसतील तरी वकील मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कोठडीत असलेल्या कुणालाही, तसंच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

रस्त्यावरच्या भांडणांच्या केसेसही इथे येतात. गाडीला गाडी घासली, आवाज चढला, कुणीतरी भाषेवरून बोललं, मोबाइल बाहेर निघाले. दुखापत, अडवणूक, शिवीगाळ, धमकी अशी कलमं लागतात आणि तासाभरात दुसऱ्या बाजूचीही उलट फिर्याद येते. एप्रिल २०२५ मध्ये बेंगळुरूतल्या अशाच एका भांडणात हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याचा रक्ताळलेल्या चेहऱ्याचा व्हिडिओ देशभर फिरला. भाषेवरून मारहाण झाल्याचं त्याचं म्हणणं होतं आणि दुसऱ्या तरुणाला अटकही झाली. मग सीसीटीव्हीचं चित्रण बाहेर आलं, त्यात तो अधिकारीही मारताना दिसत होता आणि त्याच्यावरही गुन्हा नोंदला गेला. म्हणून अशा प्रकरणात वकील सगळ्यात आधी आजूबाजूच्या दुकानांचे, सोसायट्यांचे, टोलनाक्याचे कॅमेरे शोधतो आणि चित्रण जपून ठेवायचा लेखी अर्ज करतो. बहुतेक यंत्रणांत जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ते गेलं की उरतं फक्त कुणाचा आवाज मोठा ते.

इथवर वाचताना एक प्रश्न मनात आला असेल आणि तो यायलाच हवा. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं, तेव्हा महाराष्ट्र हादरला. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप पुढे आला, तेव्हा तो आणखी हादरला. अशा वेळी गाडी चालवणाऱ्याच्या बाजूने उभं राहणाऱ्या वकिलाबद्दल आदर कसा वाटावा?

माझ्यापुरतं उत्तर पुण्याच्याच प्रकरणात आहे. नमुना कुणी घेतला, कुणी सील केला, कुणाच्या हातून कुठे गेला, याची साखळी तपासणं हे बचावाच्या वकिलाचं रोजचं काम. प्रत्येक लहान खटल्यात ही साखळी तपासली जात असेल, तर मोठ्या माणसाच्या खटल्यात ती मोडायला कठीण जातं. निष्काळजी तपासाचा फायदा गरिबाला क्वचितच होतो. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली गेले. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला परिणामांची जाणीव होती, असं धरून सदोष मनुष्यवधाबद्दलची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. आरोपीच्या बाजूनेही पुरेपूर युक्तिवाद झालेला होता, म्हणून त्या निकालाचा आजही दाखला दिला जातो. बार कौन्सिलच्या नियमांतही हे लिहिलेलं आहे : आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल स्वतःचं मत काहीही असो, वकिलाने त्याचा बचाव केला पाहिजे, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कुणालाही शिक्षा होऊ नये. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यातल्या कसाबच्या अपिलाचा निकाल देताना, २०१२ मध्येच, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे आणतानाच वकिलाचा हक्क समजावून सांगायचा. कसाबला जे नाकारता येत नाही, ते कोणप्पन अग्रहाराच्या वळणावरच्या मुलाला कसं नाकारणार?

या खटल्याच्या दुसऱ्या टोकाला पाय मोडलेल्या त्या बाई आहेत. त्यांचा भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे वेगळा चालतो. त्यांचा वकील वेगळा, तो भांडतो विमा कंपनीशी. मुलाचा विमा चालू असेल तर भरपाई कंपनी देते, विमा संपलेला असेल तर ती त्याच्या खिशातून जाऊ शकते. म्हणून वकिलाच्या पहिल्या भेटीत मागितल्या जाणाऱ्या कागदांत विम्याचा कागद सगळ्यात वर असतो. त्यानंतर गाडीची नोंदणी, वाहन परवाना आणि आरटीओतून मिळणारा 'बी एक्स्ट्रॅक्ट' म्हणजे गाडीची मालकी सांगणारा उतारा. जप्त झालेली दुचाकी ठाण्याच्या आवारात गंजत पडू देऊ नये, फोटो काढून हमीपत्रावर मालकाला परत द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलेलं आहे. ती सोडवायचा अर्ज वकील सुरुवातीच्या काही दिवसांतच देतो. फी आधी ठरवायची असते आणि भरपाईतला किंवा निकालातला वाटा फी म्हणून घेणं वकिलाला नियमाने बंद आहे, हेही अशिलाला माहीत असलेलं बरं.

मग एक दिवस आरोप वाचून दाखवायची तारीख लागते. नाव पुकारलं जातं. मुलगा पुढे जाऊन उभा राहतो. वकिलाने आदल्या दिवशी त्याला समोर बसवून कलम २८१ म्हणजे काय, १२५ म्हणजे काय, ते त्याच्या शब्दांत सांगून घेतलेलं असतं. त्याने ते परत म्हणून दाखवलं तेव्हाच त्याला घरी जाऊ दिलेलं असतं. न्यायाधीश विचारतात, 'तप्पु ओप्पिकोळ्ळुत्तीरा?' कन्नडात 'तप्पु' म्हणजे चूक आणि 'ओप्पिकोळ्ळु' म्हणजे मान्य करणं. बाकीचं काही कळलं नाही तरी बेंगळुरूत दोन वर्षं काढलेल्या माणसाला हे दोन शब्द कळतात आणि मान हलायला लागते. वकील बाजूने हळूच म्हणतो, 'गुन्हा कबूल आहे का, असं विचारताहेत.' मुलगा मान वर करून म्हणतो, 'नाही, कबूल नाही.' कारकून ते कन्नडमध्ये लिहून घेतो आणि साक्षीदारांसाठी पुढची तारीख पडते.